गृहकर्ज लवकर फेडण्याच्या कामाची नोंदवही

९ एप्रिल २०२३, रविवार

नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करताना प्रत्येक मापाची नोंद ठेवण्याची सवय हाताला लागली आहे. आपल्याच घराच्या कर्जाची मात्र तीन वर्षांत मी एकदाही नोंद ठेवली नाही, याची आज मनापासून खंत वाटते. म्हणून ही वही आजपासून सुरू करीत आहे.

पाथर्डी फाट्यावरचा हा फ्लॅट आम्ही जानेवारी २०२० मध्ये घेतला. कर्ज १५ लाखांचे, मुदत वीस वर्षांची, दर ७.८० टक्के आणि हप्ता १२,३६१ रुपयांचा. पहिला हप्ता फेब्रुवारी २०२० मध्ये गेला. मार्चअखेरपर्यंत अडतीस हप्ते भरून झाले, एकही चुकला नाही, कोरोनाच्या काळात मिळालेली सवलतही आम्ही घेतली नाही. त्यामुळे २०२ हप्ते उरले असतील अशा समजुतीने आज मार्चअखेरचा खातेउतारा काढला, तर शिल्लक हप्त्यांच्या रकान्यात २३७ हा आकडा दिसला. मुद्दल १३,५२,०६६ रुपये बाकी आहे.

सुरुवातीला बँकेची चूक असेल असे वाटले. दुपारभर बसून हिशेब केल्यावर चूक नसल्याचे लक्षात आले. आमचा दर रेपो दराशी, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याच्याशी, जोडलेला आहे. मे २०२० पासून रेपो ४ टक्क्यांवर होता, म्हणून आमचा दर ६.६५ पर्यंत उतरला होता, आणि जून २०२२ चा हप्ता गेला तेव्हा फक्त १७४ हप्ते बाकी होते. पुढे मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने महागाई आवरण्यासाठी रेपो ४ वरून ६.५० टक्क्यांवर नेला आणि आमचा दर ९.१५ झाला. हप्ता मात्र बँकेने तोच ठेवला. गेल्या जूनमध्ये १२,३६१ रुपयांतले ७,६३७ व्याजात जात होते आणि ४,७२४ मुद्दलात. या महिन्यात १०,३१० व्याजात गेले आणि मुद्दलात अवघे २,०५१. मुद्दल इतके हळू सरकू लागल्यावर मुदत लांबणारच. खात्यातून जाणारी रक्कम बदलली नाही, म्हणून घरात कोणाच्या लक्षातही आले नाही, आणि नऊ महिन्यांत शिल्लक हप्ते कमी होण्याऐवजी त्रेसष्टांनी वाढले.

या गतीने शेवटचा हप्ता डिसेंबर २०४२ मध्ये जाईल. लेक तेव्हा अठ्ठावीस वर्षांची असेल.

१७ एप्रिल २०२३

सोसायटीतल्या बायकांच्या भिशीचा माझा नंबर या महिन्यात लागला. ६०,००० रुपये हाती आले. यातून नवा फ्रिज घ्यायचा विचार होता, पण जुना चालतो आहे. यजमानांशी बोलून पूर्ण रक्कम आज शाखेत जाऊन कर्जखात्यात मुद्दलापोटी भरली.

फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व परतफेडीचा आकार घ्यायचा नाही, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ मध्येच बजावलेले आहे. हे ठाऊक असल्यामुळे काउंटरवर निःशंक मनाने विचारता आले, आणि आकार लागलाही नाही.

संध्याकाळी पुन्हा हिशेब मांडला. ६०,००० म्हणजे जेमतेम पाच हप्त्यांची रक्कम, पण बाकीचे हप्ते २३६ वरून २१० वर आले. पाच हप्त्यांच्या पैशांत सव्वीस हप्ते कमी झाले हे मी तीनदा तपासले. कारण उघड आहे. या टप्प्यावर प्रत्येक हप्त्यात मुद्दल अगदी थोडे असते, म्हणून मुद्दलात टाकलेला रुपया पुढच्या अनेक हप्त्यांचे व्याज एकदम पुसून टाकतो. हाच रुपया कर्जाच्या शेवटच्या वर्षात भरला, तर त्यातून जवळजवळ काहीच वाचत नाही. म्हणजे घाई करायची असेल तर ती आत्ताच करायला हवी.

८ मे २०२३

त्रुटीची नोंद. ५ तारखेला खात्यातून १२,३६१ ऐवजी ११,८१२ रुपये वजा झाले. बँकेने भरलेल्या साठ हजारांचा उपयोग मुदत कमी करण्याऐवजी हप्ता कमी करण्यासाठी केला होता. वरवर पाहता हा दिलासा वाटतो, पण मुदत तीच राहिली तर सगळा खटाटोप निम्म्याहून अधिक वाया जातो.

आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाखेत गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले की पैसे भरताना काही लेखी दिले नाही तर संगणक आपोआप हप्ता कमी करतो. मी तिथेच अर्ज लिहिला: "मी दिनांक १७ एप्रिल रोजी भरलेली रक्कम मुद्दलात जमा करून हप्ता १२,३६१ रुपयेच ठेवावा व मुदत कमी करावी. यापुढील प्रत्येक अंशतः परतफेडीस हीच सूचना लागू समजावी." दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. ती प्रत या वहीच्या मागच्या कव्हरला चिकटवली आहे. ज्यांना हे काम करायचे असेल त्यांनी पैसे भरण्याआधी हा अर्ज द्यावा; मी नंतर दिला, त्यात एक महिना गेला.

२५ जून २०२३

जूनचा हप्ता पूर्ववत गेला. महिन्याला २४,००० रुपये जादा भरण्याचे आम्ही ठरवले आहे आणि मे-जून असे दोन महिने ते पाळले. दोघांचे मिळून ९२,००० घरात येतात. त्यांतून हे जमवायचे म्हणून लेकीचा पोहण्याचा वर्ग, रविवारची मिसळ, वाचनालयाची वर्गणी, माझा रिक्षाचा खर्च अशा गोष्टींवर काट मारली. लेकीच्या सुकन्या समृद्धी खात्यातले महिन्याचे ३,००० तेवढे चालू ठेवले, कारण तिथे ८ टक्के करमुक्त मिळतात. पोटापुरती गंगाजळी सोडून उरलेली मुदत ठेव मोडावी का, हे अजून ठरलेले नाही.

२० ऑगस्ट २०२३, रविवार

आज दोन नोंदी आहेत.

पहिली बाहेरची. परवा, १८ तारखेला, रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे हे कर्जदाराला विचारले पाहिजे. स्थिर दराकडे जाण्याचा पर्याय दिला पाहिजे. आणि किती मुद्दल गेले, किती व्याज गेले, किती हप्ते उरले हे दर तिमाहीला कळवले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. जुन्या कर्जांनाही हे वर्षअखेरपर्यंत लागू करायचे आहे. आमचे त्रेसष्ट हप्ते गुपचूप वाढले तेव्हा ही सूचना असती तर आम्ही त्याच वेळी जागे झालो असतो.

दुसरी नोंद घरातली आहे, आणि ती लिहिताना हात जड झाला आहे. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी रोज सकाळी एक असते. पंधरा गोळ्यांची पट्टी १ तारखेला मीच आणली होती. हिशेबाप्रमाणे ती १५ तारखेला संपून दुसरी सुरू व्हायला हवी. आज डबा आवरताना पट्टी हातात आली, तर तिच्यात अजून चार गोळ्या होत्या. वीस दिवसांत अकरा गोळ्या. मी काही न बोलता त्यांच्यापुढे पट्टी धरली. त्या म्हणाल्या, "अगं, मला बरं वाटतंय. एक दिवसाआड घेते मी. तुमचं ओझं जरा लवकर उतरू दे." त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. रोज रात्री आम्ही दोघे या वहीवर आकडे बोलतो, ते त्या आतल्या खोलीत ऐकत होत्या.

लगेच डॉक्टरांकडे नेले. रक्तदाब वाढलेला निघाला. गोळी एकही दिवस चुकवायची नाही असे त्यांनी निक्षून सांगितले आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावले आहे.

बाकी हप्ते १७२. चार महिन्यांत २३६ वरून १७२. आज हा आकडा बघून आनंद झाला नाही.

३ सप्टेंबर २०२३, रविवार

डॉक्टरांकडून येऊन चौघे बसलो, लेकीलाही बसवले. नवीन रचना ठरली ती इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मोह झाला तरी मोडता येणार नाही.

पगार जमा झाला की सर्वांत आधी ८,००० रुपये वेगळ्या खात्यात जातील. त्याला आम्ही "घरचा हप्ता" असे नाव दिले आहे. तो वहीत बँकेच्या हप्त्याच्या वरच्या ओळीत लिहायचा. बँकेचा हप्ता जसा चुकवायचा नाही तसाच हाही चुकवायचा नाही, आणि महिनाअखेरीस त्यातले काही उरले तर ते कर्जात टाकायचे नाही; उरलेले पुढच्या महिन्याच्या घरच्या हप्त्यातच राहील. औषधे या आठ हजारांत धरायची नाहीत, ती किराण्याबरोबर अत्यावश्यक खर्चात. मुद्दलात जादा भरायची रक्कम २४,००० वरून १६,००० वर आणली.

यजमानांनी हिशेब करून पाहिला: यामुळे काम साधारण वर्षभर लांबेल. सासूबाईंनी विचारले, "वर्षभरच ना?" त्यावर कोणाकडे उत्तर नव्हते आणि विषय संपला.

घरच्या हप्त्याचा पहिला खर्च: वीर सावरकर जलतरण तलावावरचा लेकीचा वर्ग पुन्हा सुरू, सार्वजनिक वाचनालयाची थकलेली वर्गणी भरली, आणि पुढच्या रविवारी गंगापूर रस्त्याला मिसळ. वर्गणी भरताना काउंटरवर लावलेली पाटी लेकीने वाचली आणि वाचनालय १८४० पासून आहे हे घरी येऊन आजीला सांगितले.

२० नोव्हेंबर २०२३

दिवाळीचा बोनस ७०,००० आला. ५०,००० मुद्दलात भरले, २०,००० घरी ठेवले. त्यातून सासूबाईंना सप्तशृंगी गडावर नेऊन आणले. पायऱ्या चढणे त्यांना शक्य नाही, म्हणून गेली काही वर्षे जाणे राहिले होते. २०१८ पासून गडावर फनिक्युलर ट्रॉली झाल्यामुळे दर्शन झाले. परतीच्या वाटेवर सासूबाई वणीपासून दिंडोरीपर्यंत एकसारख्या बोलत होत्या.

७ जानेवारी २०२४

वर्षअखेरचा आकडा: मुद्दल १०,५४,०५०, बाकी हप्ते १३८.

काल भाऊ आला होता. तो म्हणतो, गृहकर्जाएवढे स्वस्त कर्ज नाही, त्यावर कर वाचतो, ते फेडण्याऐवजी तेच पैसे म्युच्युअल फंडात घाल. त्याचे म्हणणे प्रामाणिक आहे आणि बरेच लोक हेच सांगतात, म्हणून नीट उत्तर लिहून ठेवते. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जाचे वर्षाला दोन लाखांपर्यंतचे व्याज उत्पन्नातून वजा होते, हे खरे आहे. पण वजा होते ते उत्पन्नातून, करातून नव्हे. वीस टक्क्यांच्या टप्प्यात एक लाख रुपये व्याज भरले तर उपकरासह २०,८०० रुपये कर वाचतो, उरलेले ७९,२०० जातातच. पाच टक्क्यांच्या टप्प्यात तर ५,२०० च वाचतात. नव्या प्रणालीत, जी या वर्षापासून न निवडताही लागू होते, राहत्या घराच्या व्याजाची ही वजावट नाही. म्हणून कर वाचवण्यासाठी कर्ज ठेवणे मला पटत नाही.

फंडाचे उत्तर इतके सोपे नाही. दीर्घ मुदतीत बाजार ९.१५ टक्क्यांहून जास्त देऊ शकतो, पण देईलच असे कोणी लिहून देत नाही. मुद्दलात भरलेला रुपया मात्र आजच्या दराने ९.१५ टक्के निश्चित वाचवतो आणि त्यावर कर नाही. पंचवीस वर्षांच्या मुलाने वेगळे ठरवले तर मी त्याला चूक म्हणणार नाही. आमच्या घरात दोघांपैकी एकाची नोकरी कंत्राटावर अवलंबून असलेल्या कारखान्यात आहे, म्हणून आम्हाला निश्चित वाचणारे हवे. मुदत ठेवीवर सात टक्के मिळत होते आणि त्यावरही कर. म्हणून तीन महिन्यांच्या खर्चाएवढी ठेव ठेवून बाकीची मोडली आणि तो पैसा शाळेच्या वार्षिक शुल्कासाठी बाजूला काढला, म्हणजे जूनमध्ये कर्जाचा जादा भरणा थांबवावा लागणार नाही.

३१ मार्च २०२४

कालच्या रंगपंचमीला लेकीने पहिल्यांदा रहाड, म्हणजे रंगाचा जमिनीतला हौद, पाहिली. जुन्या नाशिकच्या पेशवेकालीन रहाडी वर्षभर लाकडाच्या फळ्या आणि माती टाकून बुजवलेल्या असतात, वरून लोक चालतात, गाड्या जातात; रंगपंचमीला त्या उघडून पूजा होते, रंग भरला जातो आणि लोक त्यात धप्पा मारतात. आम्ही गर्दीच्या कडेला उभे होतो, तरी धप्प्याने उडालेल्या रंगाने तिघेही भिजलो. खर्च: येण्याजाण्याचे रिक्षाभाडे आणि जिलेबी. घरच्या हप्त्यात ५,४०० शिल्लक राहिले, ते नियमाप्रमाणे पुढे नेले.

१४ जून २०२४

यजमानांच्या वेतनाची थकबाकी १,१०,००० मिळाली. सगळी मुद्दलात. अर्जाची पोच घेतली.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पक्व झाला आहे. एका डोळ्याची शस्त्रक्रिया या महिन्यात, दुसऱ्याची पुढच्या महिन्यात. विम्यात न बसणारा खर्च, भिंगांचा धरून, ४८,००० च्या आसपास जाईल. गंगाजळीला हात न लावता तीन महिन्यांचा जादा भरणा थांबवायचे ठरले. १६,००० चे तीन महिने म्हणजे बरोबर ४८,०००. कर्ज थोडे हळू चालेल, पण कोणाकडे हात पसरावा लागला नाही आणि कसलीही धावपळ झाली नाही. जादा भरणा हा आमच्या मर्जीचा असल्यामुळेच तो थांबवता आला. हप्ताच वाढवून घेतला असता तर हे शक्य झाले नसते, हे विचारात घेण्यासारखे आहे.

याच महिन्याच्या ५ तारखेला एक गोष्ट घडली, जिची मी दीड वर्ष वाट पाहत होते. १२,३६१ च्या हप्त्यात व्याज ६,०८२ आणि मुद्दल ६,२७९. पहिल्यांदाच मुद्दलाचे पारडे जड झाले. आठ लाखांच्या थोडे वर मुद्दल असेपर्यंत अर्ध्याहून अधिक हप्ता व्याजातच जात होता. आता तो उंबरठा ओलांडला.

५ जानेवारी २०२५

मुद्दल ६,८३,०००, बाकी हप्ते ७२. नोव्हेंबरपासून जादा भरणा पुन्हा सुरू झाला, बोनसमधले ५०,०००ही गेले.

विभागातल्या एका सहकाऱ्याने भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून कर्ज एकदम संपवण्याचा सल्ला दिला. घरासाठी तसे काढता येतात. दोन दिवस विचार केला आणि नाही म्हटले. त्या निधीवर ८.२५ टक्के मिळतात, तेही करमुक्त, आणि म्हातारपणाचा तेवढाच आधार आहे. दरातला फरक एक टक्काही नाही. त्यासाठी निवृत्तीचा पैसा मोडणे योग्य वाटत नाही.

८ फेब्रुवारी २०२५

आठवड्याभरात दोन बातम्या. १ तारखेच्या अर्थसंकल्पात नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य केला. पगारदारांना प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाख. म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षापासून आमच्या गृहकर्जाच्या व्याजावर कराचा लाभ काहीच उरणार नाही. भावाला फोन करून सांगितले, आणि त्याने मनमोकळेपणाने मान्य केले.

दुसरी, काल रिझर्व्ह बँकेने रेपो ६.५० वरून ६.२५ केला. मे २०२० नंतरची ही पहिली कपात. दर उतरला की बँक हप्ता कमी करायचा का असे विचारेल. हप्ता तोच ठेवायचा, असे आजच लिहून ठेवते. २०२२ मध्ये दर चढला तेव्हा न बदललेल्या हप्त्याने आमचे नुकसान केले होते. आता दर उतरताना तोच न बदललेला हप्ता आमच्या बाजूने काम करील.

१३ जुलै २०२५, रविवार

एप्रिलमध्ये भिशीचे ६०,००० पुन्हा भरले. एप्रिल आणि जूनमधल्या कपातींनंतर रेपो ५.५० आहे, आमचा दर १ तारखेपासून ८.१५ झाला. जूनअखेर मुद्दल ४,८०,१३५.

साठ हजारांचा परिणाम या वेळी किती, ते ताडून पाहिले. दोन वर्षांपूर्वी तेवढ्याच रकमेने सव्वीस हप्ते गेले होते, या वेळी साडेसात. काम संपत आल्याची ही खूण आहे. म्हणून घरच्या हप्त्याला धक्का लावून आता घाई करण्यात काही अर्थ उरलेला नाही, आणि तो दोन वर्षे टिकवला याचे समाधान वाटते.

सकाळी सोमेश्वरला जाऊन आलो. गोदावरीला पाणी भरपूर होते, धबधब्याजवळ उभे राहून बोललेले ऐकू येत नव्हते. कणीस खाताना सासूबाईंनी पलीकडच्या काठावरच्या माणसाच्या छत्रीचा रंग सांगितला.

१९ सप्टेंबर २०२५

यजमानांच्या एलआयसीच्या पॉलिसीची मुदत संपून २,६५,००० मिळाले. हा पैसा त्यांनी लग्नाआधीपासून भरला होता, म्हणून काय करायचे ते त्यांनीच ठरवावे असे मी म्हटले. २,४०,००० त्यांनी मुद्दलात भरले आणि २५,००० मे महिन्यात कोकणात जायला ठेवले. मुद्दल आता १,६५,००० च्या आत.

१६ जानेवारी २०२६

ऑक्टोबरच्या दिवाळीत बोनसमधले ५०,००० गेले, नोव्हेंबर-डिसेंबरचे नेहमीचे भरणे गेले, आणि ५ जानेवारीच्या हप्त्यानंतर २०,००० हून थोडे कमी उरले. सोमवारी शाखेकडे कर्ज बंद करण्याच्या रकमेचे पत्र मागितले होते. त्यात आजपर्यंतच्या व्याजासह १९,९१२ रुपये लिहून आले. दुपारी भरले. पावतीवर बाकी शून्य आहे.

एप्रिल २०२३ पासून आजपर्यंत हप्ते आणि जादा भरणा मिळून १५,५६,१८६ रुपये गेले. त्या दिवशीच्या दराने २३७ हप्ते भरत बसलो असतो तर २९ लाखांच्या वर गेले असते. गेल्या वर्षी दर उतरला, त्यामुळे एवढा फरक प्रत्यक्षात पडला नसता हेही खरे. पण मोठा वाटा मुद्दलात आधी टाकलेल्या पैशांचाच आहे.

काम इथे संपत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार, संपूर्ण परतफेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागदपत्रे परत देणे आणि नोंदणीतला बोजा उतरवणे बँकेला बंधनकारक आहे. बँकेच्या कारणाने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. आज तशी मागणी लेखी दिली, पोच घेतली, आणि तारीख वहीत लिहिली: १५ फेब्रुवारी.

६ फेब्रुवारी २०२६

त्रुटीची दुसरी नोंद. काल ५ तारखेला पुन्हा १२,३६१ वजा झाले. कर्ज बंद झाले, पण हप्ता आपोआप वजा करण्याचा आदेश बंद करायचा राहिला. शाखेत पावती दाखवली. तीन दिवसांत परत करतो म्हणाले. कर्ज बंद करण्याच्या दिवशीच हा आदेश रद्द करण्याचा वेगळा अर्ज द्यायला हवा होता, तो माझ्याकडून राहिला.

१० फेब्रुवारी २०२६

कालच १२,३६१ परत जमा झाले. आज दोघेही रजा घेऊन शाखेत गेलो. जानेवारी २०२० मध्ये कागद बँकेकडे देताना सही-शिक्क्याची यादी घेतली होती, ती बरोबर नेली आणि एकेक कागद यादीशी ताडून घेतला. आमचे खरेदीखत, सूची क्रमांक दोन, नोंदणीची पावती, आधीच्या मालकाचे खरेदीखत, सोसायटीचा भागदाखला. आधीच्या मालकाच्या नोंदणीची पावती पाकिटात नव्हती. ती दुसऱ्या पाकिटात सापडेपर्यंत आम्ही सही केली नाही. काही बाकी नसल्याचा बेबाकी दाखला घेतला. सोसायटीच्या नोंदवहीतला बोजा कमी करण्यासाठी त्याची प्रत संध्याकाळी सचिवांना दिली. दीड महिन्याने कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिल या संस्थेचा अहवाल काढून कर्ज बंद दिसते का ते बघायचे आहे.

घरी आल्यावर सासूबाईंनी खरेदीखत मागितले. त्यावर हळदकुंकू वाहिले आणि पहिल्या पानावरची दोन्ही नावे, लेकाचे आणि माझे, मोठ्याने वाचली. सहा वर्षांपूर्वी याच कागदावर त्यांना अक्षर लागत नव्हते. मग चतुःसीमाही वाचली, पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस, एकही शब्द न सोडता. लेक शेजारी बसून ऐकत होती.

मार्चपासून हप्ता आणि जादा भरणा मिळून २८,३६१ रुपये मोकळे होतात. त्यांतले ५,००० सुकन्या खात्यात वाढवायचे, १५,००० लेकीच्या पुढच्या शिक्षणासाठी, ५,३६१ गंगाजळीत. उरलेले ३,००० घरच्या हप्त्यात घालून तो ११,००० करायचा, आणि वहीत तो वरच्याच ओळीत राहील.